न उठलेली सभा

आवडाबाई पहिल्यांदा शाळेत आली ती माझ्याशी भांडायला. काखेत मासळीची रिकामी पाटी, कासोटा घातलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरं पाढे म्हणता म्हणता थांबली.

"माझ्या जनीला भावाला घरी ठेवून ये बोलल्या, त्या बाय तुमीच का?"

मीच ती. मी म्हटलं, "मग काय करू? पाचवीच्या वर्गात तीन वर्षांचं पोर आणून बसवतात का? काल त्यानं भारताच्या नकाशावर शू केली."

"भाऊ घरी राहिला तर त्याला बघायला जनी पण घरीच राहील," ती म्हणाली. "मी बाजारात, बापूस होडीवर, सासूला डोळ्यांनी दिसत नाय. आता तुमीच सांगा, जनी वर्गात पायजे का नको?"

मला तोंडाला तोंड देणारी माणसं आवडत नाहीत. आमच्या घरात एकच तोंड चालतं आणि ते माझं, हे माझा नवरासुद्धा सांगेल. पण या बाईचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून जनीचा भाऊ नामा माझ्या टेबलाखाली बसायला लागला. नकाशा मी जरा वर टांगला.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशी सालची. कळव्याच्या पुढे खाडीला लागून एक कोळीपाडा होता, तिथल्या पालिकेच्या मराठी शाळेत मी शिकवत होते. राहायला डोंबिवलीला. आमच्या सोसायटीतल्या बायका मला विचारायच्या, "अहो पेठेबाई, पालिकेच्या शाळेत पोरं येतात तरी का हो?" असल्या प्रश्नांनी माझं डोकं फिरायचं. पोरं येत होती. काही वेळा भावंडं, कोंबडी आणि घरची किल्ली घेऊन येत होती, पण येत होती. पाचवी, सहावी, सातवी अशा तीन वर्गांना मिळून मी एकटी, त्यामुळे एका वर्गाला गणित घालायचं, दुसऱ्याला धडा वाचायला सांगायचा आणि तिसऱ्याकडे नुसतं डोळे वटारून बघायचं, अशी माझी पद्धत होती.

जनी त्या गर्दीतही उठून दिसायची. सावळी, किरकोळ, आईसारखीच हट्टी. उत्तर येत नसेल तर "येत नाही" म्हणून मोकळी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून उभी राहून सांगायची. त्यांच्या घरात चौथीच्या पुढे गेलेली ती पहिली मुलगी. पण तिची शाळा किती नाजूक दोरीला बांधलेली आहे हे मला नामामुळे कळलं होतं. एक गाठ सुटली असती तरी जनी घरी बसली असती.

आणि त्या वर्षी पावसाळा संपता संपता ती गाठच सोडायचं फर्मान आलं. लहान लहान शाळांचे वरचे वर्ग बंद करून ते एका मोठ्या शाळेत न्यायचे, अशी सुधारणा ठरली होती. आमची पाचवी, सहावी आणि सातवी दिवाळीच्या सुट्टीनंतर रेल्वेच्या पलीकडे जाणार. पाड्यापासून त्या शाळेत जायचं म्हणजे रूळ ओलांडून. पाड्यातल्या घराघरांत एकच बोलणं सुरू झालं: पोरगे जातील, पोरींना कोण पाठवतो? आणि नामाला घेऊन रूळ ओलांडणारी जनी तर कुणाच्या डोळ्यांपुढेही येत नव्हती.

आमचे मुख्याध्यापक उत्तम शेलार गुरुजी. देशावरचे, माळकरी, अतिशय सज्जन आणि तितकेच भित्रे. वरून कागद आला की त्यांचा रक्तदाब वर आणि खाली गेला की खाली. पालकांना माहिती द्यावी असा हुकूम होता म्हणून त्यांनी पालकसभा बोलावली, नेहमीप्रमाणे सकाळी. आता कोळणी सकाळी कुठे असतात हे खाडीतल्या चिंबोरीलाही ठाऊक असेल. त्या ठाण्याच्या बाजारात असतात. त्यामुळे सभेला दरवेळी चार म्हातारे यायचे, चहा पिऊन जायचे, आणि गुरुजी अहवालात लिहायचे की पालक उदासीन आहेत.

या वेळी मी जनीजवळ नुसतं एवढंच म्हटलं, "आईला सांग, या सभेत तुझ्या वर्गाचं बोलणं आहे."

सभेच्या दिवशी मी शाळेत पोचले तर पटांगणात पाय ठेवायला जागा नाही. आवडाबाईनं सगळ्या पाड्याला बाजाराला सुट्टी द्यायला लावली होती. बायका चटयांवर गोल करून बसल्या होत्या, मागे काही पुरुष उकिडवे. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खुर्चीवर बसून सगळं परिपत्रक घाईघाईनं वाचून काढलं. "शैक्षणिक सुविधांचे एकत्रीकरण" वगैरे शब्द त्या बायकांच्या डोक्यांवरून उडत खाडीच्या दिशेला गेले. मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?"

आवडाबाई उठली. कमरेच्या चंचीतून एक अख्खी सुपारी काढून तिनं गोलाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "आमच्या पोरींचे वर्ग नेताव, ते ठरवताना आमच्यातल्या कुनाला इचारलं?"

इतकं बोलून ती खाली बसली. सगळे गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजींना वाटलं, आदरानं सुपारी दिली. ते उठले, सुपारी उचलून कपाळाला लावली, खिशात टाकली आणि म्हणाले, "आपल्या भावना मी वर कळवतो. सभा संपली असं मी जाहीर करतो." मग ते आपल्या खोलीत गेले.

कुणीही उठलं नाही.

आधी वाटलं, ऊन उतरायची वाट बघत असतील. पण दुपारची घंटा झाली, पोरं डबा खाऊन आली, तरी गोल तसाच. मधेच एक बाई उठायची, घरी जायची, तर तिच्या घरातली दुसरी येऊन त्याच जागी बसायची. कुणी जाळं विणायला घेतलं, कुणी मिश्री लावत होती, कुणाचं तान्हं पदराखाली. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. गुरुजींनी खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली.

"बाई, हा घेराव आहे," ते मला म्हणाले. "पाळी पाळीनं बसतायत. साखळी पद्धत. यांच्यामागे कुठली तरी युनियन आहे."

"गुरुजी, घेराव घातला असता तर तुम्हाला जेवण विचारलं असतं का?" मी म्हटलं. कारण नुकतीच शेवंती नावाची एक कोळीण त्यांना बोंबलाचं कालवण आणि भात घेऊन आली होती, आणि तुळशीची माळ बघून जीभ चावत परत गेली होती. थोड्या वेळानं दोन केळी आणि गूळ आला. माझ्यासाठी कालवण ठेवून गेली. तेव्हा मी मासे खात नव्हते. आता खाते, पण त्याचं सगळं पाप त्या पाड्याच्या डोक्यावर आहे.

शेवटी मी जाऊन आवडाबाईच्या शेजारी बसले. "अगं, सभा संपली. गुरुजींनी सांगितलं ना? मग बसलीयस कशाला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पाचवीत आहे. "संपली कशी, बाय? सुपारी त्यांच्या खिशात हाय."

मग तिनं मला रीत सांगितली. पाड्यात बैठक बसली की ज्याचा प्रश्न असेल तो सुपारी मधे ठेवतो. उत्तर द्यायची ज्याची तयारी असेल तो उचलतो. उत्तर मिळालं आणि बैठकीला पटलं की ती फोडायची, सगळ्यांनी खायची, मग उठायचं. तोवर प्रत्येक घरातलं एक माणूस बसून राहतं. गुरुजींनी सर्वांसमोर सुपारी उचलली, कपाळालासुद्धा लावली, मग आत जाऊन ते नीट विचार करून उत्तर आणणार असंच सगळ्यांना वाटलं होतं. "एवढा येळ लागतोय म्हंजे मानूस इचार करतोय," आवडाबाई म्हणाली. तिच्या आवाजात गुरुजींबद्दल चक्क कौतुक होतं.

मला हसू आवरेना. आत गुरुजी पोलिसांना बोलवावं की नाही या विचारात घामाघूम, आणि बाहेर त्यांच्या विचारी स्वभावाची वाखाणणी चाललेली. मी आत जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून सुपारी काढून पाहिली, विंचू बघावा तशी. पण उत्तर त्यांच्याकडे कुठून असणार? ते बिचारे निरोप्या. त्यांनी समोरच्या दुकानातून वरच्या कार्यालयात फोन लावला. आम्ही सांगितलं त्यातलं काय तिकडे पोचलं देव जाणे, पण दुपार कलताना जीपमधून एक अधिकारी उतरले.

काळुराम म्हात्रे साहेब. दिवा-डोंबिवलीकडच्या कुठल्याशा आगरी गावातले, शिकून वर चढलेले. उंच, जाड चष्मा, पायात चकचकीत बूट. गुरुजी धावत पुढे गेले. "साहेब, घेराव..."

साहेबांनी चटयांचा गोल पाहिला, सगळ्यांच्या बसण्याची तऱ्हा पाहिली. मग म्हणाले, "गुरुजी, सुपारी कुणाकडे आहे?"

गुरुजींनी ती खिशातून काढून त्यांच्या हातात दिली. साहेबांनी बूट काढले, पँट जरा वर ओढून मांडी घातली आणि गोलात बसले. खुर्ची रिकामीच राहिली. त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. जमिनीवर बसणारे साहेब मी त्यापूर्वीही पाहिले नव्हते आणि नंतरही फार पाहिले नाहीत.

"इचारलं नाय," ते म्हणाले. "तुमाला कुनी इचारलं नाय, ही चूक झाली. ती मी मानतो."

बायकांत कुजबुज झाली. आवडाबाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मग वर्ग हितंच ठेवा," ती म्हणाली.

"ठेवतो. आजच लिहून देतो," साहेब म्हणाले. "पन आता माझा एक सवाल हाय. तीन वर्गांना मिळून हितं या एकट्या बाई. प्रयोगशाळा नाय, वाचायला पुस्तकं नायत, पोरींना संडास नाय. तिकडं सगळं हाय. वर्गावर्गाला वेगळा शिक्षक. आणि शाळा पार दहावीपरेंत. आईबाप म्हनून तुमी आपल्या पोरींसाठी यातलं कमी तेच मागताव. का?"

असा प्रश्न आवडाबाईला अपेक्षित नव्हता. यातलं काही तिला कुणी सांगितलंच नव्हतं. परिपत्रकात असेल, पण ते गुरुजींनी वाचलं होतं आणि कुणालाही कळलं नव्हतं. वर्ग वाचवायला म्हणून ती आली होती, बाजार बुडवून, साऱ्या पाड्याला ओढून. आणि साहेब वर्ग द्यायला तयार होते. "हो" म्हणायचा अवकाश होता. दुसऱ्या कुणीही "द्या लिहून" म्हणून विषय संपवला असता. मीसुद्धा.

आवडाबाई वळली आणि ओरडली, "जने, हिकडं ये!"

जनी वर्गाच्या दारात नामाला कडेवर घेऊन उभीच होती. आली. एवढ्या मोठ्या माणसांच्या गोलात ती बावरली, पण मान खाली घातली नाही.

"ऐकलंस ना सायबाचं? तुझ्यासाठीच बसलोय आमी. तूच सांग. ही शाळा पायजे का ती?"

जनीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे दुसरीकडे वळवले, कारण माझ्या मनातली शाळा कुठली हे मला त्या पोरीला कळू द्यायचं नव्हतं.

"ती," जनी म्हणाली.

"रूळ वलांडायला लागतील."

"मला भीती वाटते रुळांची," जनी म्हणाली. मग तिनं नामाला खाली ठेवलं. "पण आये, ही शाळा सातवीपर्यंतच आहे. सातवी झाली की तू मला बाजारात बसवशील. तिथं दहावीपर्यंत आहे."

मी आवडाबाईच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता ही चिडणार, चारचौघांत पोरीनं तोंड वर केलं म्हणून एक ठेवून देणार. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि विचारलं, "कवापासून हाय हे तुझ्या मनात?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाय?"

"तू विचारलंच नाहीस."

आवडाबाई हसली. आधी हसली आणि मग तिनं पदर डोळ्यांना लावला. साहेबांकडे वळून ती म्हणाली, "सायेब, वर्ग न्या तुमी. पन रिकाम्या खोल्यांत आमच्या बारक्या पोरांसाठी बालवाडी पायजे, न्हायतर पोरीच्या कडेवरचा यो उतरनार नाय. आणि पोरींना रुळापलीकडं आमी बायका नेऊ. त्यासाठी शाळा जरा उशिरा भरवा, आमची माल उचलायची येळ सांभाळून. आणि पुढची सभा दुपारची घ्या, बाजार झाल्यावर."

साहेबांनी तिन्ही गोष्टी कबूल केल्या. सुपारी फोडली, सगळ्यांना वाटली. गुरुजींना सुपारीनं ठसका लागतो, पण त्या दिवशी त्यांनीही न कुरकुरता चघळली. मग बैठक उठली.

बालवाडी सुरू झाली. शाळेची वेळही बदलली, पण जितकी हवी तितकी नाही. दिवाळीनंतर पाड्यातल्या बायका पाळी लावून पोरींना रेल्वेच्या फाटकातून पलीकडे न्यायला लागल्या. पुढे पुढे पाळी मोडली. हिची होडी उशिरा आली, तिला ताप आला, आणि बाजाराला उशीर कुणालाच परवडेना. मीही मोठ्या शाळेत बदलून गेले होते. सकाळी फाटकाशी मला दिसायची ती एकटी आवडाबाई. पुढे ती, मागे बदकाच्या पिल्लांसारख्या पोरी. दोन्हीकडे बघून घ्यायची, हाताची आडवी भिंत करायची, एकेकीला नाव घेऊन पलीकडे पाठवायची. कुणी रुळात रेंगाळलं की सगळ्या कळव्याला ऐकू जाईल अशी शिवी हासडायची. ऊन असो, पाऊस असो, तिच्या अंगात कणकण असो. जनी आठवीत गेली, नववीत गेली. शेवंतीच्या दोन्ही पोरी, गोमाजी नाखव्याची नात, सगळ्या त्या हाताखालून गेल्या.

जनीच्या दहावीच्या वर्षी एकदा कळव्याच्या एका नव्या इमारतीत माझ्या मैत्रिणीकडे मी गेले होते. जिन्यात हाक ऐकू आली, "मावरं घ्या, मावरं!" आवाज ओळखीचा. बघते तर आवडाबाई, डोक्यावर पाटी, जिना चढून धापा टाकतेय.

"तू इथे काय करतेस? बाजारातली तुझी जागा?"

ठाण्याच्या बाजारात कोळणींच्या जागा ठरलेल्या असतात. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे. आवडाबाईची जागा अगदी दारातली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिच्यापुढे थांबायचं. तशा जागेसाठी घराघरांत भांडणं होतात, हे मला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं.

"शेवंतीला दिली," ती म्हणाली. "मी पोरींना सोडून जाईपरेंत उशीर व्हायचा, जागा रिकामी. रिकामी जागा बाजारात चांगली दिसत नाय."

"दिलीस? कायमची?" मी ओरडलेच तिच्यावर. "वेडी आहेस का तू? या वयात जिने चढत फिरणार? ती जागा तुझ्या सासूची, तिच्या सासूची. आज ना उद्या पोरींची शाळा संपली की तूच बसली असतीस ना तिथे!"

मी चिडले की ती गालातल्या गालात हसते, तशी हसली. पाटी खाली ठेवून पायरीवर बसली, पदरानं मान पुसली.

"सासूनं मना ती जागा दिली तवा बोलली होती, आवडे, ही जनीसाठी धरून ठेव," ती म्हणाली. "जनीला तिथं बसायचंच नाय, बाय. मग मी कुनासाठी धरून बसू?"